खूण न करता उघडलेली लेन्स

वस्ताद, हौसेनं फिरणाऱ्या माणसाला फुल फ्रेम कॅमेऱ्याची काही गरज नाही. कोणी विचारलं म्हणाल तर कोणीच नाही विचारलं, पण गेल्या रविवारपासून डोकं उठलंय म्हणून सांगतो. तुमच्या लेकीची लेक आली होती घरी. बोलते चांगली, नोकरी चांगली, मे महिन्यात मैत्रिणींबरोबर हिमाचलला चाललीय, आणि मोबाईलमध्ये यादी घेऊन आली होती. एक मोठा कॅमेरा, त्याला तीन लेन्स. एक रुंद दिसायला, एक माणसांचे चेहरे काढायला आणि एक हातभर लांब. दुकानदारानं सांगितलं म्हणे की याच्याशिवाय फोटो येतच नाहीत. दुकानदार असंच सांगणार, त्याचं तेच काम आहे. तिनं यादी फक्त दाखवायला आणली होती, मत मागितलं नव्हतं. तरी मी विचारलं, जॉब काय आहे? ती हसली. म्हणाली, "मामा, जॉब नाही, हौस आहे." म्हटलं हौस हासुद्धा जॉबच. काय काढणार ते सांग, मग टूल सांगतो. तुम्ही असंच विचारायचा ना, नवं ड्रॉइंग हातात आलं की. ती म्हणाली, "डोंगर, माणसं, जुनी घरं, खाणंपिणं." पक्षी काढणार का? "नाही." मग ही लांब तोफ कोणावर डागायचीय?

तरी ऐकेना. आजकालच्या पोरींना तोंडानं सांगून उपयोग नाही. मी आतून पिशवी आणली, तिच्यात अडीच किलो कांदे घातले आणि म्हटलं, घाल गळ्यात आणि गच्चीवर जाऊन ये दोनदा. आमची मंडळी आतून ओरडली, "अहो, पाहुणी आहे ती." म्हटलं असू दे. दुसऱ्यांदा खाली आली तेव्हा मान चोळत होती. म्हणाली, "लांब लेन्स कॅन्सल." मग सावकाश बसून सांगितलं. हातात धरल्यावर बोटाला बटण न बघता सापडलं पाहिजे, तो कॅमेरा आपला. मेगापिक्सल किती ते विचारू नको, तुला काय भिंतीएवढा फोटो लावायचाय का. एकच झूम लेन्स घे, रुंदीपासून थोडी लांबपर्यंत जाणारी, आणि ती काढूच नको. डोंगरावर वाऱ्यात लेन्स बदलत बसलीस तर आत धूळ जाते, आणि बदलेपर्यंत समोरचं माणूस निघून जातं. पक्ष्यांची हौस पुढं आलीच तर निफाडकडं नांदूर मध्यमेश्वरला जाऊ थंडीत, तेव्हा बघू त्या तोफेचं. सगळं तिला पटलं. मी खूश. चहा आला. आणि मग तिनं सरळ विचारलं, "मामा, आजोबांची ती जुनी लेन्स तुमच्याकडं आहे ना? आई म्हणाली. मला ती पाहिजे. नव्या कॅमेऱ्याला बसवायची रिंग मिळते."

मी म्हटलं, जुनी झाली ती, काय करणार घेऊन. तर तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. तुमच्या घरी भिंतीवर लावलेला, मसुरीचा. काकू शाल पांघरून उभ्या आहेत, चेहरा बरा दिसतोय, पण मागचे बर्फाचे डोंगर वितळल्यासारखे आणि कडेची झाडं गोल फिरलेली. ती म्हणाली, "बघा ना, स्वप्नात काढल्यासारखा आहे. मला असेच फोटो पाहिजेत." मी कप खाली ठेवला. म्हटलं, साफ करून देतो, आठ दिवसांनी ये.

आता तुम्हाला सांगायला पाहिजे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता सांगून तुम्हाला काय उपयोग, पण लेन्स घरातून जायच्या आधी एकदा सांगून टाकतो. लांबण लावणार नाही.

अंबडला तुमच्या कारखान्यात मी लागलो तेव्हा मला सगळं येतं असं मला वाटायचं. शाळा सातवीपर्यंत, पण हात चालायचा. एकदा लेथचा गिअरबॉक्स खोलला, साफ केला, आणि जोडताना एक गिअर कोणत्या बाजूनं होता ते आठवेना. तुम्ही आलात, बघितलं, सगळ्यांसमोर म्हणालात, "गड्या, तुला खोलता येतं, बंद करता येत नाही. खोलायच्या आधी दोन्ही भागांवर पंचानं खूण मार. खूण नाही तर खोलायचं नाही." मग हातात सेंटर पंच दिलात. तो अजून माझ्याकडं आहे. दुपारी डब्याच्या वेळेला मात्र मलाच हाक मारून पिशवीतून तो रशियन कॅमेरा काढलात. धोंड्यासारखा जड, आणि त्याला एकच लेन्स, अठ्ठावन्न एमएमची. मी विचारलं, वस्ताद, दुसरी लेन्स नाही का? तुम्ही म्हणालात, "पाय आहेत ना. जवळ पाहिजे तर पुढं जा, लांब पाहिजे तर मागं ये." कारखान्याच्या सहलीत सगळ्यांचे फोटो तुम्हीच काढायचा, आणि तुमचा एक फोटो हललेला मी पाहिला नाही. मायक्रोमीटरसुद्धा तुम्ही असे वाचायचा, लांबूनच, चष्मा न लावता.

त्या पावसाळ्यात मी हरसूलला गावी चाललो होतो. आईचा एकही फोटो नव्हता. तुम्ही न मागता कॅमेरा दिलात. म्हणालात, "घाई नाही, दिवाळीला मला मसुरीला न्यायचाय, तोवर राहू दे." आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको, घरात भिंतीला हात लावला तरी हात ओला होतो. ओल लागू नये म्हणून मी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून फडताळात ठेवला. आता कोणालाही सांगतो, असं कधी करू नका, प्लॅस्टिक ओल आतच धरून ठेवतं. स्टीलचा डबा घ्या आणि औषधाच्या बाटलीत येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाका त्यात. पण तेव्हा कोणाला माहीत. दोन महिन्यांनी पिशवी सोडली तर लेन्सच्या पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखी.

तुम्हाला तसंच येऊन सांगायला पाहिजे होतं. पण मी टर्नर ना. मला वाटलं, रिंगच आहे, आटे आहेत, खोलू. लेथवर लाकडाचा गोल तुकडा कातला, त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं, लेन्सच्या तोंडावर दाबून फिरवला आणि पुढची रिंग अलगद सुटली. काच हातात आली. स्पिरिटनं आणि धोतराच्या जुन्या फडक्यानं लखलखीत पुसली. आणि मग कळलं की खूण केलेली नाही. काचेवर पंच कसा मारणार, म्हणून केलीच नव्हती. एक बाजू फुगीर, दुसरी जवळजवळ सपाट. कोणती बाहेर? बराच वेळ बघत बसलो. फुगीर बाजू बाहेर ठेवली तर ओरखडा पडेल, म्हणून ती आत असणार, असा हिशेब लावला आणि रिंग बंद केली. डोळा लावून बघितलं, हातभर अंतरावरच्या कॅलेंडरची तारीख वाचता आली. म्हटलं, झालं. लांबचं काही बघितलंच नाही.

तुम्ही मसुरीहून आलात त्या दिवसाचं मला सगळं दिसतंय अजून. तुम्ही रजेनंतर कामावर आलाय, चहाच्या सुट्टीत फोटोंचं पाकीट काढताय, कोणाला दाखवत नाही, मला एकट्याला शेडच्या मागं नेताय. एकेक फोटो पुढं करताय. सगळे धुरकट. तुम्ही म्हणताय, "सगळे दिवस मी ती फोकसची रिंग फिरवत होतो. कॅमेऱ्यातूनच धुरकट दिसत होतं. तुझ्या काकूला सांगितलं नाही, तिला वाटेल सहल वाया गेली." मग पिशवीतून कॅमेरा काढून माझ्या हातात देताय. समोर पांडवलेण्याचा डोंगर. तुम्ही म्हणताय, "बघ. तुझे डोळे तरणे आहेत. तुला स्वच्छ दिसलं तर समजायचं माझे डोळे गेले, आणि मग हा कॅमेरा तू घे, मला काय उपयोग." मी डोळा लावतोय. रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतोय. डोंगराची कड एकदाही धरत नाही. मला त्याच क्षणी कळलंय, काच उलटी आहे. आणि मी म्हणतोय, "स्वच्छ दिसतंय वस्ताद."

तुम्ही फक्त "बरं" म्हणालात.

नंतर तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊन आलात. त्यांनी थोडा नंबर सांगितला, वयाप्रमाणं असतो तेवढा. तो चष्मा तुम्ही लावलात, तरी मायक्रोमीटर घेतला की माझ्याकडं द्यायला लागलात. "तू वाच रे." मी वाचायचो, तुम्ही मान हलवायचा. तुमचं माप कधी चुकलं नव्हतं. मी चोरून परत मोजून बघायचो, तुम्ही केलेलं काम मापात बरोबर असायचं, पण आकडा तोंडातून काढायचं तुम्ही बंद केलं होतं. निवृत्तीच्या दिवशी हार, नारळ, भाषणं झाली आणि तुम्ही सगळ्यांसमोर ती कॅमेऱ्याची पिशवी माझ्या गळ्यात घातलीत. टाळ्या पडल्या. मी पाया पडलो.

त्या कॅमेऱ्यात मी एक रोल घातला नाही. दुसरे कॅमेरे घेतले, रोलचे घेतले, मग बिनरोलचे. दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत फिरलो, कंपनीतल्या लोकांनी कॅमेरा घेताना मला बरोबर नेलं, आणि मी सांगितलेला कॅमेरा चुकला असं एकजण म्हणणार नाही. ती लेन्स मात्र स्टीलच्या डब्यात तशीच. दर पावसाळ्यात पुड्या बदलायचो आणि झाकण लावायचो. सरळ करायला दहा मिनिटं लागली असती. केली नाही. सरळ केली असती तर ती वाकडी होती हे कबूल झालं असतं, मग ते घरातल्या घरात का होईना.

या आठवड्यात काढली. लाकडाचा तो तुकडा सापडला, रबर नवीन चढवलं. हात थोडा हलतो आता, पण आट्यावर बसला की बसतो. या वेळेला काचेच्या कडेला मार्करनं बारीक रेघ मारली, रिंगवर मारली, मग खोललं. काच उलटली. फुगीर बाजू बाहेर. बंद केलं.

इथवर लिहून ठेवलं होतं. ती आली काल. नवा कॅमेरा घेऊनच आली, मी सांगितला तसा छोटा, एक झूम. रिंग लावून तुमची लेन्स बसवली आणि दोघं गच्चीवर गेलो. तिनं पांडवलेण्यावर धरली आणि मागच्या पडद्यावर मोठं करून बघितलं. पायऱ्यांवरची माणसं मोजता येत होती. तिचं तोंड उतरलं. "मामा, ही तर एकदम शार्प आहे. आजोबांचे फोटो मग तसे का आले?"

मी सांगितलं. तुझ्या आजोबांचे डोळे शेवटपर्यंत चांगले होते. लेन्स मी खोलली होती, काच मी उलटी बसवली होती. ती हसायला लागली. "अहो मामा, लोक आता मुद्दाम काच उलटी बसवून घेतात. त्याच इफेक्टसाठी. तुम्ही तेव्हाच केलंत. मला परत उलटी करून द्या ना." म्हटलं, नाही. "का पण?" लेन्स सरळ न्यायची असेल तर ने, नाहीतर राहू दे इथंच. तिनं माझ्याकडं बघितलं आणि लेन्स पिशवीत ठेवली. जिना उतरताना विचारलं, "आजोबांना सांगितलं होतं का तुम्ही?" मी म्हटलं, चहा घेऊन जा.

तर तुम्हाला सांगतो. वर मी सगळं लिहिलं, ते वाचून तुम्ही म्हणाल, घाबरला असेल पोरगा. मीही इतकी वर्षं स्वतःला तेच सांगितलं. पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही दोन शिव्या दिल्या असत्या, म्हणाला असतात, "खूण कुठाय?", आणि चहाची सुट्टी संपायच्या आत आपण दोघांनी काच सरळ केली असती. मला भीती नव्हती, वस्ताद. मला तो कॅमेरा पाहिजे होता.

हा कागद कुठं पाठवायचा नाही. डबा रिकामा झालाय, त्यात ठेवतो. याच्यापुढं मी काही लिहिणार नाही.