आखूड पडलेलं पाऊल

रविवार, १४ ऑक्टोबर, दुपार

ती. ताईस,
सप्रेम नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावली असशील, तर पत्र संपेपर्यंत तशीच राहा. भाऊजींचा खोकला थांबला का? चिमणीचा गणिताचा पेपर कसा गेला? इकडे हवा बरी आहे. तबेल्याचं छप्पर एकदाचं दुरुस्त झालं.

मीही बरी आहे. पायाच्या ऑपरेशननंतर तुझ्याकडे महिनाभर पाहुणचार झोडला आणि शेवटी भांडून निघाले. तू तरी काय म्हणाली होतीस? ‘तुझी चाल बदललीये.’ पण वीस वर्षं घोड्यावरून अडथळे उडवून पोट भरणाऱ्या बाईला चालीबद्दल कुणी बोललं की मिरच्या झोंबतात.

माझ्या घोडीची, महाराणीची, बातमी तुला कळलीच असेल. गेल्या महिन्याच्या स्पर्धेत ती अडथळ्यात घुसली, बांबू उडाले, आम्ही दोघीही मातीत. तिच्या छातीला खरचटलं, मला काही झालं नाही. तबेल्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, “घोडी बिचकायला लागली.” सगळ्यांनी माना डोलावल्या. ताई, मीपण डोलावली.

मग बाईंनी एका व्यापाऱ्याला बोलावलं. त्याची ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे. बिचकलेली घोडी स्वस्तात घ्यायची आणि उडी मारताना पायांवर काठ्या हाणून तिला उंच उडायला लावायचं. आजची स्पर्धा बघून तो सौदा करणार होता.

आता जे टाळत होते ते लिहिते. स्पर्धेआधी आम्ही मैदानात पायी उतरतो आणि दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतो. माझी चार पावलं म्हणजे घोड्याची एक ढांग. हे माप माझ्या अंगात इतकं मुरलंय की बाजारात चालतानाही मी ढांगा मोजते. परवा सरावाच्या मैदानावर ओली वाळू नुकतीच सपाट केली होती. मी चालत गेले आणि सहज मागे वळून पाहिलं. एक पाऊल लांब, एक आखूड, थेट कुंपणापर्यंत. तुझं बोलणं आठवलं.

पावलं आखूड, म्हणून मोजणीत जास्त भरली. अंतर होतं त्याहून मला लांब वाटलं, मी महाराणीला पळवलं, आणि ती बिचारी अडथळ्याच्या अगदी अंगावर जाऊन पोचली. उडायला जागाच नव्हती. तरी तिने प्रयत्न केला गं.

दोन दिवस मी गप्प बसले. वाटलं, अंदाजाने थोडं कमी धरू, निभावून नेऊ. अंदाजाने चालत असतं तर मोजतो कशाला आम्ही?

आज सकाळी मैदानात मोजत होते. आमच्या तबेल्यातला दुसरा स्वार, ज्याला आम्ही सरदार म्हणतो, खिशात हात घालून माझ्यामागे. हा आळशी माणूस स्वतः कधी मोजत नाही, माझाच आकडा घेतो. म्हणाला, “बोला मॅडम, किती ढांगा?”

मालकीणबाई व्यापाऱ्याबरोबर कुंपणाशीच उभ्या होत्या. मी खोटा आकडा दिला असता तर सरदारही पडला असता.

“माझं धरू नकोस,” मी म्हटलं. “माझा पाय आखूड पडतो. त्या दिवशी महाराणी बिचकली नव्हती, मी चुकीचं मोजलं होतं.”

सरदारने खिशातून हात काढले. बाईंनी विचारलं, “कधीपासून?”

“ऑपरेशनपासून.”

“मग आज तू बसायचं नाहीस. सरदार, स्वतः मोज आणि महाराणीला तूच घे.”

त्याने तिच्यावर बसून एकही बांबू पाडला नाही. व्यापारी बक्षीस समारंभाआधीच गाडीत बसून निघून गेला. मी टाळ्या वाजवल्या आणि मग खोगिरांच्या खोलीत दार लावून खूप रडले. महाराणी वाचली याचा आनंद होता. ती माझ्याशिवाय इतकी छान उडते याचं दुःखही होतं.

पुढचं बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “बघू.” आपल्या घरात ‘बघू’चा अर्थ काय होतो हे तुला सांगायला नको.

बुधवारी मी तुझ्याकडे येतेय. चिमणीला सांग, मावशी सुट्टीवर आलीये. भाऊजींनाही तेच सांग. तुला मात्र खरं माहीत असू दे: चाळिशी आली, आणि मला दुसरं काहीही येत नाही.

तुझी,
धाकटी