माशाच्या ओठातली कडी

२ मे १९७२

प्रिय जानराव,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ‘मावशी, मायला जपा.’ एवढे तीन शब्द लिहायला तुला दीड महिना लागला. सरकार नौदलाला शाई पुरवत नाही, की पाण्याखाली राहून राहून तुला कोरड्यावरची माणसं आठवत नाहीत? पाच वर्षं माझ्या बुलढाण्याच्या घरात तू आणि कडूबा एका ताटात जेवलात. निबंध दोन पानांपेक्षा कमी नसावा, हे मी दोघांनाही चिमटे काढून शिकवलं होतं. चिमटे वाया गेले. असो. हे पत्र एकट्याने वाच.

तुझी माय, म्हणजे कडूबाची आई, बरी आहे. सोजरा माझी बहीण; तिच्या पोटच्या कडूबाचं ऐकून तूही तिला माय आणि मला मात्र मावशी म्हणतोस, याचा मला पूर्वी राग यायचा. आता येत नाही. तू मार्चमध्ये आलास तेव्हा तळ्याच्या चार पायऱ्या उघड्या होत्या. आज अकरा आहेत. पाणी शेवाळलेलं, घट्ट, वरून बघितलं तर डाळीच्या आमटीसारखं. गावाला अजून तुझ्याशिवाय विषय नाही. पाठीवरची हवेची टाकी, रबरी मुखवटा आणि पायातले ते बदकाचे पंजे यांचं वर्णन रामराव सरपंच येणाऱ्या-जाणाऱ्याला बसवून घेऊन करतो. तुझ्या बुडीच्या वेळी हाच माणूस माझ्या कानाशी कुजबुजत होता, ‘मास्तरीनबाई, फुगे वर येऊन राह्यले म्हंजे पोरगा जित्ता हाय ना?’ मी म्हटलं, फुगे थांबले की तुम्ही उडी मारा. तेव्हापासून तो दोन पायऱ्या मागे उभा राहिला.

तू देऊळघाटचा. आमच्या गावची रीत सोजराने तुला रडत रडत सांगितली होती, म्हणजे अर्धीच सांगितली असणार. तिची आधीची दोन मुलं गेली, म्हणून तिसऱ्याचं नाव कडूबा ठेवलं, की मृत्यूने तोंडात घालून थुंकून टाकावं. पाचव्या वर्षी त्याला देवी आल्या आणि तो वाचला. असं मूल वाचलं की पैनगंगेच्या डोहातून हातभर लांबीचा मासा आणायचा, त्याच्या वरच्या ओठात चांदीची कडी अडकवायची, कडीवर मुलाचं नाव कोरायचं आणि मासा देवळापुढच्या तळ्यात सोडायचा. तिथे कुणी गळ टाकत नाही. मासा आहे तोवर मुलाच्या जिवाला धोका नाही. आणि मासा मेलेला सापडला, तर तीच कडी पंधरा दिवसांच्या आत दुसऱ्या माशाला घालून तो सोडायचा. हा शेवटचा भाग तिने तुला सांगितला नसेल. तो लक्षात ठेव.

डिसेंबरात लढाईवरून ‘कडूबा बेपत्ता’ अशी पलटणीची तार आली तेव्हा मी ती वाचून मराठीत सांगितली. मी कॉन्व्हेंटात शिकले, सोजरा चौथीत घरी बसली; त्यामुळे या घरातल्या सगळ्या वाईट बातम्या आधी माझ्या तोंडातून जातात. ती म्हणाली, ‘कागदाले काय समजते? मासा हाय का नाही ते पाहा अगुदर.’ तिने अन्न सोडलं. मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई. असल्या कामासाठी तुला बोलावणारं पत्र मी लिहून देणार नव्हते. तिने ते पोस्टमास्तरकडून लिहून घेतलं, आणि तू ती टाकी घेऊन आलास.

बुडीच्या आधी चहा पिताना तू मला सांगितलंस, की अशा पाण्यात स्वतःचा हातही दिसत नाही. तळाशी पालथं पडून राहायचं, चिखल ढवळू द्यायचा नाही, मग मोठे मासे आपणहून जवळ येतात, एखादा अंगाला घासून जातो, आणि तोही सबंध दिसत नाही. कधी कल्ला, कधी शेपूट. मी ते नीट ऐकलं. नंतर घड्याळ हातात धरून घाटावर बसले. तू बावीस मिनिटं खाली होतास. फुगे आधी देवळाकडे सरकले, मग तळ्याकाठच्या बुरुजाच्या पायथ्याशी आले आणि पुढची सतरा मिनिटं एकाच जागी येत राहिले. जो शोधतो त्याचे फुगे हिंडतात, जानराव. तू मुखवटा काढलास तेव्हा तुझे डोळे लाल होते. आत पाणी शिरलं, म्हणालास. तिथे बसून तू काय करत होतास, हे मी विचारणार नाही. पण सोजराकडे बघून तू म्हणालास, ‘हाय, माय. वासरायेवढा झाला. ओठात कडी चमकून राह्यली.’ त्या दुपारी ती दोन भाकरी जेवली.

मला तुझा भयंकर राग आला होता. तो का, ते आता सांगते. ती कडी माझ्याकडे आहे. सहा वर्षं आहे.

सासष्टच्या मे महिन्यात, तुम्ही दोघं मॅट्रिक होऊन मोकळे झालात तेव्हा, मी सुट्टीला इथे आले होते. सकाळी फिरायला गेले तर तो मासा पायऱ्यांशी पोट वर करून तरंगत होता. कडीवरचं नाव वाचलं. छत्रीच्या टोकाने त्याला ओढलं, शिवणाच्या कात्रीने ओठ कापला आणि मासा लिंबाच्या झाडाखाली पुरला. कुणाला सांगितलं नाही. सोजरा उगाच रडेल, एवढंच मनात होतं, असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मला आनंद झाला होता. मासा मेला होता आणि कडूबा परसात तुझ्याशी कुस्ती खेळत होता. नन्सनी मला जे शिकवलं ते खरं ठरलं होतं आणि माझ्या बहिणीचं खोटं. पुरावा म्हणून मी कडी खणात ठेवली.

तार आली तेव्हापासून तो खण मला नजरेआड करता येत नाही. मासा गेल्यावरही मुलगा साडेपाच वर्षं धडधाकट जगला, म्हणजे दोन्हींचा संबंध नाही. हे गणित मी रोज मांडते आणि ते रोज बरोबर येतं. आणि रोज त्याच्या शेजारी दुसरं वाक्य येऊन बसतं: मी तेव्हा सांगितलं असतं, तर तिने पंधरा दिवसांत दुसरा मासा सोडला असता. आम्हा हिंदू मुलींना कॉन्व्हेंटात कबुलीजबाबाला जाता यायचं नाही. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून आत गेलेल्या मुली हलक्या होऊन येताना बघायचो. मी साठ वर्षांची आहे आणि अजून त्याच बाकावर आहे.

आणि हेही ऐकून ठेव. तू ‘कडी चमकते’ म्हणालास, त्यानंतर मी घरी आले आणि खण उघडून बघितला. कडी तिथे आहे की नाही, हे बघायला. महिनाभर मी अशी खण उघडत होते. ती नसावी, तळ्यात असावी, असं मला वाटत होतं. माझ्यासारख्या बाईला.

एकाच जागी येणारे फुगे बघून तू शोधलंच नाहीस हे सगळ्यांना कळेल असं मला वाटलं होतं, पण गावाने तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. त्याचा परिणाम असा, की सोजराने कडूबाचं लग्न ठरवलं आहे. शेगावची मुलगी, पंचफुला, सतरा वर्षांची, शिवणकाम छान करते आणि माझ्या नजरेला नजर देऊन बोलते. तिचा बाप कचरत होता. सरपंचाने त्याला घाटावर नेऊन बुडीची कथा सांगितली आणि तोही पाघळला. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, मुलीला कुंकू लावायचं आहे. पंधरवडाही उरला नाही. एकदा त्याच्या नावाचं कुंकू लागलं की तिला दुसरीकडे कोण करून घेईल, ते तू जाणतोस.

आता पत्राचं कारण. आठ दिवसांपूर्वी कडूबाच्या पलटणीतून इंग्रजी पत्र आलं. सीमेवरचे सुरुंग काढताना तो सापडला. गळ्यातल्या बिल्ल्यावरून ओळख पटली आणि तिथेच अग्नी दिला. तो पहिल्याच दिवशी गेला होता, जानराव. तू आमच्या तळ्यात उतरलास तेव्हा त्याला तीन महिने झाले होते. सोजरा भाजी निवडत होती. तिने विचारलं, काय म्हणून राह्यले. मी म्हटलं, त्याची उंची विचारतात. ती उठली, दाराच्या चौकटीवरच्या त्याच्या शेवटच्या खुणेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, लिहा बाई, इथवर. मी वीत लावून मोजलं आणि खरोखर लिहून घेतलं. मी तिला पत्र वाचून दाखवलं तरी ती कागदाला काय समजतं म्हणेल. कडी दाखवली तर ती विश्वास ठेवेल, पण मग पोराला मीच मारलं, असं ती आयुष्यभर समजेल, आणि मला तिच्याशिवाय कुणी नाही. मला भेकड म्हण. कडी या पाकिटात, कापसात गुंडाळून ठेवली आहे. पाकीट रजिस्टर करते आहे. आखाजीच्या आधी ये. रजा मिळत नसेल तर कळव, मी तुझ्या साहेबाला इंग्रजीत लिहीन आणि ते त्याला आवडणार नाही. कडी मुठीत धरून खाली जा आणि वर येताना चिखलासकट घेऊन ये, म्हणजे ती तळाशी सापडली, मासा गेला, हे सोजरा मानेल. मी तिच्या शेजारी बसलेली असेन. तिला धरायचं काम माझं. तू गेल्या वेळी बसलास तसाच बुरुजापाशी थोडा वेळ बस. मी घड्याळ लावणार नाही. वर आल्यावर तुला रडता येणार नाही, तेव्हा तिथलं तिथे आटपून ये, आणि जमलं तर थोडं माझ्या वाट्याचंही.

तुझीच,
मनकर्णामावशी