तीन सुतांचा लाल ठिपका

१ डिसेंबर १९५४, बुधवार
पत्र आलं. अंधेरीच्या कलासंग्रहालयाने 'उपनगरातले चित्रकार' या प्रदर्शनासाठी माझं 'जोगेश्वरीची लेणी' घेतलं. चार महिन्यांचे रविवार त्या लेण्यांत काढले होते. खांब मोजून, भेगा पट्टीने मापून. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात वीस वर्षं ट्रेसर आहे, नकाशे गिरवतो. चित्रकला कोणाकडे शिकलो नाही, हे अभिमानाने लिहितो.
श्यामसुंदरचंही चित्र आहे. तो डिप्लोमावाला. तीन वर्षांपूर्वी याच संग्रहालयात पन्नास माणसांत (मोजली होती, सत्तेचाळीस) म्हणाला होता, अनंता, हे चित्र नाही रे, नकाशा आहे! सगळे हसले होते. कोण किती हसलं तेही लक्षात आहे.
दर वर्षी प्रदर्शनातलं एक चित्र कमिटी निवडते आणि संग्रहालय कायमचं ठेवून घेतं. यंदा माझं ठेवलं पाहिजे. श्यामसुंदरचं नाही. या दोनातलं दुसरं जास्त महत्त्वाचं.
संकल्प: रागवायचं नाही. शांतपणे सूड.

४ डिसेंबर, शनिवार
उद्घाटन. माझं चित्र दाराला लागून. दार उघडलं की चित्र दाराआड. पाच ते सात दार उघडंच होतं.
श्यामसुंदरचं 'गोराईच्या होड्या' समोरच्या भिंतीवर, मधोमध, खिडकीच्या उजेडात. तीन होड्या, वल्हं एकही नाही. काय हाताने वल्हवायची होडी? मला बघून मोठ्याने म्हणाला, काय अनंता, खांब सगळे जागेवर आहेत ना रे, की एखादा चहाला गेला?
हसणारे नऊ. पैकी दोन माझ्या ऑफिसातले.

५ डिसेंबर, रविवार
महत्त्वाचा शोध. संग्रहालयाचा शिपाई गुणाजी, देवगडकडचा. पहिल्या खोलीतल्या एका चित्राच्या चौकटीवर लाल कागदाचा ठिपका दिसला म्हणून त्याला विचारलं. म्हणाला, लाल ठिपको लागलो म्हणजे ता चित्र खपला, साहेब. मगे त्येका कोण इचारूचो नाय, कमिटीसुद्धा.
कमिटीसुद्धा!
घरी येईपर्यंत योजना तयार. यात फसवणूक नाही. ठिपका स्वतः काही बोलत नाही. लोक काय समजतात हा लोकांचा प्रश्न.

८ डिसेंबर, बुधवार
ठिपके केले. माप आधीच घेऊन आलो होतो. तीन सूत, म्हणजे इंचाचे तीन अष्टमांश. गुणाजी कात्रीने कापतो, त्याचा ठिपका एका बाजूला चपटा. शरमेची गोष्ट. मी कंपासने आखून ब्लेडने कापले. सहा केले, त्यातले उत्तम दोन ठेवले.
चिकटवायला कणकेची खळ. वसुधाने विचारलं, अहो, पतंग करताय की काय या वयात? म्हटलं, कलेचं काम आहे. म्हणाली, मग कणीक उरवा थोडी, पोळ्यांचंही काम आहे.

९ डिसेंबर, गुरुवार, सायंकाळी ५.४०
गुणाजी चहाला गेला. ठिपका होड्यांच्या चौकटीवर, उजवीकडे खाली. कडेपासून बरोबर अर्धा इंच.
श्यामसुंदर, तुझी वाट लागली.

११ डिसेंबर, शनिवार
अनपेक्षित. होड्यांपुढे गर्दी. आठवडाभर कोणी ढुंकून पाहत नव्हतं, आता जो तो म्हणतो, हे खपलं बरं का! एक बाई म्हणाल्या, वल्ही दाखवली नाहीत त्यातच मजा आहे. श्यामसुंदर चकित होऊन पेढे वाटत होता. मलाही दिला. खाल्ला, संशय नको म्हणून.
माझ्या चित्रापुढे दोघे थांबले. दारातून येणाऱ्यांना वाट द्यायला.

१२ डिसेंबर, रविवार
विचारान्ती निष्कर्ष: योजना चुकलेली नाही, अर्धीच झाली आहे. ठिपक्याने कमिटी लांब राहते आणि गर्दी जवळ येते. तेव्हा त्याचा ठिपका त्याच्याकडेच राहू दे, दुसरा माझ्या चित्राला लावायचा. माझ्या बाबतीत कमिटी ठिपक्याकडे बघणार नाही. जाणकार माणसं आहेत.
दुपारी १.१५ ला लावला.

१४ डिसेंबर, मंगळवार
दार ओढून घेऊन सात माणसं माझं चित्र बघत होती! एका आजोबांनी काठीने खांब मोजले आणि म्हणाले, अगदी बरोबर, मी जोगेश्वरीचाच. डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या नव्हे, माझ्या.

१८ डिसेंबर, शनिवार
कमिटी आली. तिघे. माझ्या चित्रापुढे अकरा मिनिटं, घड्याळ लावून. होड्यांपुढे चार.
मग सेक्रेटरी सुलक्षणाबाईंनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, अनंतराव, तुमचं एकमताने ठरत होतं हो. पण खपलेलं चित्र आम्ही कसं ठेवून घेणार? कोणी घेतलं? विक्रीच्या वहीत तर नोंद नाही.
खपलेलं नाही, हे शब्द अगदी ओठावर आले होते. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, होड्यांवर कुणी खोटा ठिपका लावला होता. श्यामसुंदर स्वतः गिऱ्हाइकाचं नाव विचारायला आला तेव्हा कळलं. परवाच काढून टाकला. चावट पोरांचं काम वाटलं होतं, पण पोरं इतकं गोल कापतात होय? लावणारा सापडू दे, त्याला या दारातून आत घेणार नाही!
मी चित्राच्या उजव्या कोपऱ्यापुढे, ठिपका झाकून, उभा राहिलो.
म्हणालो, माझ्या मेहुण्याने घेतलं. मुलुंडच्या. ठिपका गुणाजीकडून मीच मागून घेतला, वहीत लिहायचं राहिलं. त्यांनी वही पुढे केली. सुवाच्य अक्षरात नोंद केली.
'गोराईच्या होड्या' कायमच्या संग्रहात गेल्या.
श्यामसुंदर येऊन खांद्यावर हात टाकून म्हणाला, अनंता, लेका, तू नशीबवान! आम्हाला नुसता मान, आणि तुला खरं गिऱ्हाईक.

१९ डिसेंबर, रविवार
प्रदर्शन संपलं. चित्र मेहुण्याच्या नावाच्या चिठ्ठीसकट घरी आणलं. वसुधा म्हणाली, माझा भाऊ चित्रं कधीपासून घ्यायला लागला? तिला सांगितलं, हे तुला कळायचं नाही. चित्र कपाटामागे ठेवलं. मेहुणा घरी येईल तेव्हा आणखी मागे सरकवायचं.

२१ डिसेंबर, मंगळवार
सुलक्षणाबाईंची चिठ्ठी. होड्यांखाली कायमची पाटी लावायची आहे. चित्राचं नाव, चित्रकाराचं नाव, साल. वहीतलं माझं अक्षर बघून त्यांना वाटलं, इतकं रेखीव लिहिणारा दुसरा नाही.
होकार कळवला. सुडाची संधी आपण होऊन चालत आली. पाटी वाकडी लिहायची. अक्षरं लहानमोठी. श्यामसुंदरचं नाव उजवीकडे कलतं. पिढ्यान्‌पिढ्या लोक हसतील.

२३ डिसेंबर, गुरुवार
पाटी झाली. चार वेळा वाकडी लिहायला घेतली, चारही वेळा ओळ सरळ आली. पाचव्यांदा पट्टी लांब ठेवून लिहिलं. तीही सरळ.
श्यामसुंदरचं नाव फारच सुरेख आलं आहे.