दुसरा उतार

९ मार्च

प्रिय ताई,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवावंसं वाटेल, तरी वाच. इकडे सगळे बरे आहेत. मला चष्मा लागलाय. तू शाळेत शिकवतेस आणि पोरं तुला अजिबात घाबरत नाहीत, असं कळलं. बरं वाटलं.

तळघरातली आपली प्रयोगशाळा रिकामी करताहेत. यंत्राचा पंप बंद केला तेव्हा खोली इतकी गप्प झाली की मला तिथे थांबवेना. त्याच्या ठेक्यावर तू गाणी म्हणायचीस, तीही बेसूर. दोघींत एक बिस्किटांचा डबा, एकच धड खुर्ची, आणि पडद्यावर सरकणारी हिरवी रेघ. अणूंचे इवलेसे चुंबक, आपले स्पिन, एका दिशेला उभे करायचे, बाहेरचं चुंबकक्षेत्र फटकन बदलायचं आणि ते कसे शांत होतात ते त्या रेघेवर बघत बसायचं. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

तुझ्या पाळीत रेघ उतरायची, मध्येच थबकायची आणि मग परत हळूहळू घसरायची. "हा दुसरा उतार खरा आहे," तू म्हणालीस. आपले मार्गदर्शक सर म्हणाले, "जोडणी ढिली राहिलीय. निष्काळजीपणा आहे हा." मग सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुला दिसला कधी?"

मी म्हणाले, "नाही, सर."

ताई, दिसला होता. दोनदा. पुढच्याच महिन्यात प्रबंध द्यायचा होता, आणि उतार खरा ठरला तर सगळं पुन्हा मोजावं लागलं असतं; मी ते दोन्ही आलेख फाडले. तू आठवड्याभरात काम सोडून गेलीस.

यंदा तोच प्रयोग नव्या यंत्रावर केला. क्षेत्रात मुद्दाम गोंगाट मिसळला, म्हणजे सतत बारीक थरथर. थरथर वाढवली की दुसरा उतार लवकर येतो, कमी केली की लांबतो. स्पिन आधी आपापसात सावरतात, पण गोंगाट त्यांना तिथे राहू देत नाही, आणि थोडा गोंगाट प्रत्येक यंत्रात असतोच. तुझी जोडणी ठीकच होती.

काल सरांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिला पुन्हा मोजू द्यायला हवं होतं मी." विभागालाही लेखी कळवलंय. शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं आहे; तू हो म्हटल्याशिवाय तो पाठवणार नाही.

माफ करावंस असं लिहीत नाही. तो निर्णय तुझा.

अजूनही तुला ताईच म्हणणारी,
तेव्हा खोटं बोललेली
मी