पडताळणीला दुसरं माणूस

२ मार्च

पोचले एकदाची! वेधशाळेची टेकडी चढता चढता जीव मेटाकुटीला आला, पण खोली बघून सगळा शीण गेला. पलंग, कपाट आणि अंगणाकडे उघडणारी मोठी खिडकी. महिनाअखेरीला परीक्षा आटोपून धाकटी येईल, तेव्हा तिची गादी खिडकीखाली टाकायची हे ठरवूनही टाकलं. आई गेल्यापासून तिची वेणीफणी, शाळा, आजारपण सगळं मीच केलं. आता बाईसाहेब कॉलेजात जातात आणि मलाच शहाणपण शिकवतात.

शेजारच्या खोलीत मावशी राहतात. मोजणीच्या कामात मुरलेल्या, सगळ्यांच्याच मावशी. चहा घेऊन आल्या. त्यांच्या खोलीला भर दुपारी जाड पडदे, आणि अंगण ओलांडायचं तर भिंतीच्या कडेकडेने जातात. ऊन सोसत नाही म्हणाल्या.

४ मार्च

काम भलतंच आवडलं. रात्रपाळीवाले आकाशाचे फोटो काचेवर घेतात, आम्ही दिवसा ते मोजतो. आकाशात मैलाचे दगड नसतात, म्हणून न हलणारे काही तारे आधी धरायचे. इथे त्यांना खुंट्या म्हणतात. बाकी प्रत्येक ठिपका कुठल्या खुंटीपासून किती लांब, ते भिंगातून बघून आकडा लिहायचा. मग जुनी काच आणि नवी काच आलटूनपालटून बघायची. जवळचं काही असलं की ते टुणकन जागचं हलतं. पोरखेळच, पण पगारी!

नियम मात्र कडक. प्रत्येक मोजणी दुसऱ्या माणसाने पुन्हा करायची, कारण प्रत्येकाचा डोळा कुठेतरी कलतो. माझा डावीकडे कलतो म्हणे. आज मावशींनी त्यांची एक काच पडताळणीला माझ्यापुढे ठेवली. कोपऱ्यात एक ठिपका होता. जुन्या काचेवर दिसेल न दिसेल एवढा, नव्या काचेवर चांगला मोहरीएवढा, पण तसूभरही हललेला नाही. मोजला. मावशींनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि चक्क रडल्या. किती मायाळू बाई!

६ मार्च

मावशींनी पडदे काढून टाकले. अंगणात मधोमध खुर्ची टाकून केस वाळवत बसल्या होत्या, वर गुणगुणणंही चाललं होतं. ऊन सोसायला लागलं वाटतं.

मला आज अंगणात दोन सावल्या पडल्या. एक उन्हाची. दुसरी फिकट, भलत्याच बाजूला. तिथे ना दिवा, ना आरसा. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

११ मार्च

दुसरी सावली गडद होते आहे, आणि आखूड. इतर कोणाला दिसत नाही. शेवटी मावशींना विचारलं. त्या नखं कापत होत्या, कापता कापताच सांगितलं.

जवळची वस्तू काचेवर सरकते. जी सरकत नाही, नुसती मोठी होत जाते, ती सरळ आपल्याकडे येत असते. म्हणजे शेवटी जो मोजेल त्याच्याकडे. आपण तिची जागा धरली की तिलाही आपली सापडते. सावली पायाखाली गेली की ती डोक्यावर आली समजायचं. मागे एकजण तळघरात लपला होता. तिथे त्याच्या चपला तेवढ्या उरल्या.

मावशींना ही काच त्यांच्या नवऱ्याने दिली होती. पडताळणीला. तो आता खाली गावात मजेत राहतो. मी तुमचं काय वाकडं केलं होतं, असं विचारलं मी. काहीच नाही गं, तू आलीस एवढंच, म्हणाल्या. आणि तुझी बहीण येतेच आहे की.

२३ मार्च

मावशींचे पाय धरले, पुन्हा मोजा म्हणून. डोळे अधू झाले म्हणतात. रात्रपाळीवाले मोजणीच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. त्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे.

धाकटीला फोन केला, येऊ नकोस म्हटलं. ताई, तुझा आवाज बरा नाही, आता तर मी येणारच, म्हणाली.

२८ मार्च

आली. गळ्यात पडली. किती वाळलीस गं, म्हणाली. माझी सावली वीतभर उरली आहे.

तिला मोजणीच्या खोलीत नेणार नाही. देवाशप्पथ नेणार नाही.

२९ मार्च

नेलं.

पडताळणीला दुसरं माणूस लागतं, एवढंच म्हणाले मी. ताईच्या कामाला हातभार लागतो म्हणून तिला केवढा आनंद! लहानपणी अक्षरं गिरवताना काढायची तशी जीभ बाहेर काढून मोजत होती.

बाहेर आले. एकच सावली. पोटभर जेवले. गाढ झोपले. लाज वाटायला हवी होती.

३० मार्च, दुपार

मोजणीच्या खोलीत आहे. आतून कडी घातली आहे.

धाकटी अंगणात— मघाशी हसत होती, ताई, बघ ना, मला दोन सावल्या, म्हणून— आता हसत नाही.

काच समोर आहे. भिंगाला डोळा लावायचा, आकडा वाचायचा, बस. ती सुटेल. आणि मी—

मावशींनी अंगणातून आपली खुर्ची उचलून नेली.

धाकटी दार वाजवते आहे. आत घे म्हणते. मी तिच्यासाठीच इथे आले. मोजायलाच आले. तापात तिला रात्र रात्र मांडीवर घेऊन मी—

सावली पायाशी आली म्हणते. हाका मारते आहे.

उठतेच आहे. हे लिहून झालं की—

सावली दिसत नाही म्हणते. ताई, कुठे गेली गं—

एवढी ओळ झाली की उठते. एवढी एक ओळ—