सुटकेचा हुकूम

मोई नदीकाठ, थायलंड
९ एप्रिल २०२५

प्रिय न्योताई,

तुला आणि आईला नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? इकडे पाण्याचा सण तोंडावर आलाय, त्यामुळे कारखान्यात शिवणकाम दुप्पट झालंय. तुझा फोन लागत नाही, म्हणून चहापत्ती विकणाऱ्या मावशींच्या हाती हे पत्र धाडतेय.

तुझा निरोप मिळाला. भावोजी निर्दोष ठरले हे ऐकून तू घर झाडून काढलंस, मोहिंग्याच्या रश्श्यासाठी मासे सांगून ठेवलेस. ते निर्दोष ठरले हे खरंच आहे, ताई.

पण पहिल्यापासून सांगते. रबराच्या मळ्यातल्या शेडवर पोलिसांची धाड पडली, तेव्हा आपल्याकडची बारा माणसं सापडली. बेकायदा लष्करी प्रशिक्षणाचा आरोप. भावोजी तिथे जखमा कशा बांधायच्या, बांबूंवरून जखमी माणूस कसा उचलायचा ते शिकवत होते. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, पोरं सकाळी त्याच बांबूंनी कवायतही करायची. पलीकडे जाऊन लष्कराशी लढायचंच होतं त्यांना.

वकीलबाई पिमचनोक मनाने चांगल्या. कोठडीच्या जाळीशी उभ्या राहून त्यांनी भावोजींना आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यांची थाई मी आपल्या भाषेत सांगत होते.

"कबूल केलंत तर काही वर्षं इथल्या तुरुंगात जातील, पण जिवंत राहाल. सुटलात, तर परवाना नाही म्हणून नदीपलीकडे, तुमच्या लष्कराच्या हाती धाडतील."

"आणि बाकीचे?" भावोजींनी विचारलं.

"तुम्ही शिकवणारे. तुम्ही कबूल केलंत, तर शिकणारेही अडकतील."

त्यातल्या सात जणांकडे इथला कामाचा परवाना होता. ते सुटले की सरळ आपापल्या खोलीवर जाणार होते. भावोजींनी मान हलवली. "मग नाही."

मी भडकले. "आणि माझ्या ताईचं काय?"

"मी कबूल केलं ना, तर तुझी ताई मला घरात घेणार नाही," असं म्हणून हसले. हसताना दात आवळले होते त्यांनी.

कोर्टात सरकारी दुभाषा आलाच नाही. न्यायाधीशांनी विचारलं, दोन्ही भाषा कोणाला येतात? मी उभी राहिले. नात्यातली आहे हे सांगितलं. "जे बोललं जाईल तेवढंच सांगा," ते म्हणाले.

पोलिसांनी बांबू पुढे केले. भावोजी म्हणाले, "साहेब, यात दोन गोणी ओवल्या की जखमीला उचलता येतं. करून दाखवू?" न्यायाधीशसुद्धा गालात हसले. हत्यार एकही सापडलं नव्हतं. आरोप सिद्ध होत नाही, असा निकाल झाला. तो मी मोठ्याने सांगितला आणि पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

मग पुढचं वाक्य आलं. ज्यांच्याकडे परवाना नाही त्या पाच जणांना त्यांच्या देशात परत पाठवावं. तेही मलाच सांगावं लागलं, ताई. माझ्याच तोंडाने.

वकीलबाईंनी अर्ज दिला, पलीकडे यांच्या जिवाला धोका आहे म्हणून. अर्जाची सुनावणी व्हायच्या आधीच त्या पाचांना नदीवरच्या पुलावर नेलं.

मी धावत गेले. पलीकडच्या टोकाला लष्कराचा हिरवा ट्रक उभा होता. सक्तीच्या भरतीचा, असं लोक म्हणत होते. भावोजींना पाचांमधून बाजूला काढून वेगळ्या गाडीत घातलं. त्यानंतर कुठून काहीच कळलेलं नाही. वकीलबाई रोज विचारतात, मी रोज विचारते.

आता जे लिहायला हात उचलत नव्हता ते लिहिते. पुलावर चढताना ते वळून माझ्यावर ओरडले, "तिला सांग, माझी वाट बघू नकोस. आईला घेऊन नीघ. माझं नाव कळलं की आधी घरी येतील!"

सांगून ठेवलेले मासे नको म्हणून सांग. दाराला कुलूप लावू नकोस, घरात माणसं आहेत असंच वाटू दे; कुणाचा निरोपही घेऊ नकोस. मावशींना नदीच्या खालच्या घाटाची वाट ठाऊक आहे. त्यांच्याबरोबरच इकडे यायला निघा.

हे एक तरी मला वेळेवर सांगता यावं म्हणून तळमळणारी,
तुझी धाकटी
थान्दार