आबांची मूठ

बुधवार, दिवेलागण

आज पुण्यात माझे हात तपासून डॉक्टरांनी विचारलं, "स्नायू आखडण्याचा हा आजार रक्तातून येतो. घरात आणखी कुणाला आहे?" आबा लगेच म्हणाले, "आमच्यात कुणालाच न्हाई." मीही मान डोलावली.

आणि आत्ता गोठ्यात पाहिलं. आबांनी दुधाची बादली खाली टेकवली, पण कडीवरची मूठ सुटेना. दुसऱ्या हाताने ते एकेक बोट उकलत होते. करंगळीपासून. अगदी माझ्यासारखं.

आईला विचारलं, तर चुलीकडेच बघत म्हणाली, "त्येंला लग्नाआधीपासनं हाय. तुमा पोरींच्या सोयरिकी मोडतील, म्हून बोललो न्हाई."

म्हणजे भाताच्या आवणीत माझ्या मुठीतून रोपं सुटायची नाहीत, तेव्हा सगळ्या बायांसमोर "सोंगं करती" म्हणणारा बाप हाच ना? गार पाण्यात हाताचं काय होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

करंगळीपासून सुरुवात केली की मूठ लवकर उकलते. हे मी दहा वर्षांची असताना गोठ्यामागे रडत, एकटीनं शोधलं. एवढं तरी सांगायचं होतं त्यांनी.